इंजिन बदललं आणि चार्जिंग गेलं: नवा अल्टरनेटर घेण्याआधी काय काय मोजायचं

महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपमध्ये दुसरं डिझेल इंजिन बसवून गाडी गॅरेजमधून आणली, त्याला तीन-चार दिवस झाले असतील. आषाढातला पाऊस होता आणि मी कसारा घाट चढून नाशिककडे येत होतो. इगतपुरी मागे पडली तसे वायपर जड चालायला लागले, हेडलाइटचा उजेड पिवळा पडत गेला. इंजिन मात्र व्यवस्थित चालू होतं, कारण जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाचं काम बॅटरीवाचून अडत नाही. घोटीला चहासाठी इंजिन बंद केलं, परत सेल्फ मारला तर नुसता टक् असा आवाज. टपरीवरच्या चौघांनी धक्का दिला म्हणून घरी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी नवा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, आणून बसवला. तोही चार्ज करेना.

मग नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. चावी ऑन करायला सांगितली, डॅशबोर्डकडे बघितलं आणि विचारलं, "बेटा, बॅटरीचा लाल दिवा कुठाय?" दिवा लागतच नव्हता. दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी चार दिवस धरून चाललो होतो. एक बारीक वायर जोडायची राहून गेली होती. बाकी काहीच बिघडलं नव्हतं, जुना अल्टरनेटरही नाही.

त्यानंतर मित्रांच्या, ओळखीपाळखीच्या बऱ्याच गाड्या पाहिल्या. इंजिन बदललं, इंजिनची जागा सरकवली, एसी काढला, बॅटरी मागे नेली, की चार्जिंग जातं आणि लोक आधी अल्टरनेटरच बदलतात. तुमची गाडी बदल करण्याआधी चार्ज करत होती आणि नंतर करेनाशी झाली, तर संशय आधी बदललेल्या गोष्टींवर घ्या. अल्टरनेटरला चार गोष्टी लागतात: पुरेशा वेगाने फिरणं, जागं करणारा थोडासा करंट, चांगला अर्थ (म्हणजे इंजिनच्या धातूपासून बॅटरीच्या मायनसपर्यंतची वाट), आणि बॅटरीपर्यंत जाणारी जाड, मोकळी वाट. इंजिनच्या कामात या चारही गोष्टी हलतात.

आधी थोडं आतलं

अल्टरनेटरच्या मध्ये रोटर फिरतो. त्यावर एक कॉइल असते. दोन कार्बन ब्रशमधून तिला करंट मिळाला की ती चुंबक बनते. हा चुंबक भोवतालच्या स्टेटरच्या तारांमध्ये वीज निर्माण करतो. ती वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी असते, मागच्या डायोड प्लेटमध्ये तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी होते. व्होल्टेज किती ठेवायचं ते रेग्युलेटर रोटरचा करंट कमीजास्त करून ठरवतो. जुने मिस्त्री त्यालाच कटआउट म्हणतात.

सगळी मेख पहिल्या करंटमध्ये आहे. अल्टरनेटर एकदा वीज बनवू लागला की स्वतःच्या विजेतून स्वतःच्या रोटरला पोसतो. पण सुरुवातीला रोटरमध्ये चुंबकत्व जवळपास नसतं. तो पहिला करंट बहुतेक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातून येतो. म्हणजे तो दिवा तुम्हाला सूचना देतो आणि अल्टरनेटरला जागंही करतो.

हत्यारं आणि काळजी

डिजिटल मल्टीमीटर, एक टेस्ट लॅम्प, १०, १२, १३ नंबरचे पाने, पॉलिश पेपर आणि वायर ब्रश. एवढ्यात नव्वद टक्के काम होतं. साधं मीटर चालेल, फक्त त्याचा सेल ताजा असू द्या. उतरलेल्या सेलवर मीटर चुकीचं व्होल्टेज दाखवतो आणि तुम्ही भलत्याच दिशेने जाता.

अल्टरनेटरच्या जाड वायरवर, म्हणजे बी प्लस टर्मिनलवर, चावी बंद असतानाही बॅटरीचा थेट प्रवाह असतो. तिथे पाना लावताना तो ब्लॉकला टेकला तर ठिणगी उडते आणि पाना लाल होतो. म्हणून नट सोडण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. इंजिन चालू असताना गळ्यातला रुमाल, ओढणी, सैल बाही बेल्टपासून लांब.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. "इंजिन चालू ठेव, बॅटरीची वायर काढ, गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला," ही जुनी तपासणी करू नका. बॅटरी सर्किटमधून निघाली की व्होल्टेज क्षणात कितीतरी वर उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर), म्युझिक सिस्टीम यांतलं काहीही जळू शकतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात हे खपून जायचं. आता खपत नाही.

कागदाचंही सांगून ठेवतो. इंजिन बदलणं हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली येणारा बदल आहे. आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद नसेल तर वायरिंग कितीही सुरेख केलं तरी अपघाताच्या वेळी विमा कंपनीसमोर अडचण होते. हे काम आधी करा.

पायरी १: बॅटरीला विचारा

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी सेल्फ मारण्याआधी बॅटरीच्या दोन खुंटांवर व्होल्टेज मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. निम्म्याच्या खाली असेल तर आधी बाहेर काढून चार्जरवर पूर्ण भरून आणा. रिकामी बॅटरी अल्टरनेटरकडून भरून घेणं म्हणजे त्याला तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबवणं. तो तापतो आणि तुमची मापंही फसवी येतात. थंडीत निफाडचा पारा उतरतो त्या दिवसांत हे जास्त जाणवतं. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि घट्ट झालेलं ऑइल फिरवायला सेल्फ जास्त करंट मागतो. तेव्हा अल्टरनेटरला दोष देण्याआधी बॅटरीचं वय बघा.

आता इंजिन चालू करा, रेस थोडी वाढवून, साधारण १५०० ते २००० आरपीएमला परत मोजा. १३.८ ते १४.५ आलं तर चार्जिंग होतंय. सकाळी होतं तेवढंच किंवा त्याहून कमी आलं तर होत नाही. १५ च्या वर गेलं तर तीही बिघाडाचीच खूण आहे. रेग्युलेटर किंवा त्याची वायर चुकली आहे आणि बॅटरी उकळेल.

एक वेगळं लक्षण लक्षात ठेवा. सुरुवातीला काही नाही, पण एकदा जोरात रेस केली की १४ वर येतं आणि मग तिथेच राहतं. असं होत असेल तर अल्टरनेटर शाबूत आहे, त्याला जागं करणारा करंट मिळत नाहीये. सरळ पायरी ३ वर जा.

पायरी २: बेल्ट

दोन पुलींच्या मध्ये बेल्ट अंगठ्याने दाबा. साधारण १० मिलिमीटर दबला तर ठीक. याहून सैल असेल तर लोड पडला की घसरतो. इंजिन बदलताना जुनाच बेल्ट किंवा हाताला लागला तो बेल्ट घातलेला असतो. व्ही बेल्ट पुलीच्या खाचेत तळाला टेकला असेल तर तळ चकाकतो. असा बेल्ट कितीही ताणला तरी पकड घेत नाही. पुल्या एका रेषेत आहेत का, ते सरळ पट्टी टेकवून बघा. ब्रॅकेट नवं बनवलं असेल तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक हमखास सापडतो.

पायरी ३: लाल दिवा आणि बारीक वायर

इथे वेळ घाला. माझ्या पाहण्यात इंजिन बदललेल्या गाड्यांमधलं निम्मं काम इथेच संपतं.

चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. बॅटरीचा लाल दिवा लागलाच पाहिजे. लागला आणि इंजिन चालू झाल्यावर विझला, तर ही वाट नीट आहे. लागलाच नाही, तर अल्टरनेटरवरचा छोटा प्लग काढा आणि डी प्लस किंवा एल असं लिहिलेल्या टर्मिनलवर जी वायर येते ती क्षणभर इंजिनच्या ब्लॉकला टेकवा. पण त्याआधी ती खरंच दिव्याचीच वायर आहे याची खात्री हवी. खात्री नसेल तर थेट टेकवू नका, टेस्ट लॅम्प मध्ये घालून टेकवा. दुसऱ्या एखाद्या वायरवर थेट प्लस असला तर फ्यूज जाईल, वायर जळेल. टेस्ट लॅम्प असेल तर नुसता तो पेटेल.

वायर अशी टेकवल्यावर डॅशबोर्डचा दिवा लागला तर वायर आणि बल्ब ठीक, दोष अल्टरनेटरच्या आत किंवा त्याच्या अर्थमध्ये. नाही लागला तर बल्ब गेलाय, फ्यूज गेलाय, किंवा जुन्या इंजिनच्या वायरिंगमधली ती वायर नव्या प्लगपर्यंत आलेलीच नाही. माझं हेच झालं होतं. जुन्या प्लगचं तोंड वेगळं, नव्याचं वेगळं. कोणीतरी जुना प्लग टेपने गुंडाळून चेसिसच्या कडेला बांधून ठेवला होता. तुमच्या गाडीतही टेप गुंडाळलेली अनाथ टोकं शोधा.

दिवा एलईडीचा केला असेल तरीही हाच त्रास होतो. साध्या २-३ वॅटच्या बल्बमधून अल्टरनेटरला जागं होण्याइतका करंट जातो, एलईडीमधून अगदी नगण्य जातो. नवीन डिजिटल मीटर बसवलेल्या जीपमध्ये हे सर्रास दिसतं. उपाय सोपा आहे: दिव्याला समांतर ५० ते १०० ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर लावा, किंवा परत साधा बल्ब घाला. रेझिस्टर तापतो, त्यामुळे तो प्लॅस्टिकला चिकटवून ठेवू नका. दिव्याच्या जागी थेट इग्निशनचा प्लस डी प्लसला देऊ नका. मध्ये बल्ब किंवा रेझिस्टर हवाच, नाहीतर चावी बंद केल्यावरही अल्टरनेटरमधून उलट प्रवाह येऊन इंजिन बंद होत नाही, असा विचित्र प्रकार घडतो.

रोटर चेतला की नाही ते बघायची एक जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे. चावी ऑन, इंजिन बंद. स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. ते खेचलं गेलं तर चुंबक तयार होतोय, म्हणजे दिव्याची वायर, ब्रश आणि रोटरची कॉइल तिन्ही एकमेकांना भेटतायत. काहीच ओढ नाही, तर यांपैकी एक तुटलंय.

टर्मिनलची अक्षरं

इंजिनबरोबर आलेला अल्टरनेटर तुमच्या गाडीचा नसतो, त्यामुळे मागची अक्षरं वाचल्याशिवाय काही जोडू नका. बी किंवा बी प्लस म्हणजे जाड वायर, बॅटरीकडे. एल किंवा डी प्लस म्हणजे लाल दिवा. आयजी म्हणजे चावी ऑन केल्यावरचा प्लस. तो मागणारा अल्टरनेटर असेल आणि ती वायर दिलीच नसेल तर रेग्युलेटर झोपून राहतो. एस म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज वाचणारी वायर. ती शक्यतो बॅटरीजवळून घ्या. वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या जोडावरून घेतली तर रेग्युलेटरला बॅटरी उपाशी दिसते आणि तो गरजेपेक्षा जास्त चार्ज करतो.

डब्ल्यू दिसलं तर सावध. डिझेल गाड्यांमध्ये आरपीएम मीटरला सिग्नल देण्यासाठी ते असतं, त्यातून एसी येतं. त्यावर चावीचा प्लस देऊ नका. आणि एफ किंवा डीएफ दिसलं, रेग्युलेटर आत नसला, तर तुमचा अल्टरनेटर बाहेरच्या रेग्युलेटरवर चालणारा आहे. तो डबा जुन्या गाडीच्या बॉडीवर राहिला असेल. तो आणा, नाहीतर आत रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर घ्या.

जुन्या डिझेल जीप-बोलेरो वर्गातल्या कित्येक इंजिनांत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो आणि ब्रेकचा बूस्टर त्याच्यावर चालतो. स्वस्तात मिळाला म्हणून बिनपंपाचा अल्टरनेटर बसवलात तर चार्जिंग होईल, पण ब्रेक पेडल दगडासारखं होईल. पंपाला ऑइलची नळी येते. तिची सील गळत असेल तर ऑइल आत जाऊन ब्रश खराब करतं. याबाबतीत कुठेही तडजोड नको.

पायरी ४: अर्थ आणि जाड वायर

अल्टरनेटर १४.३ बनवतोय आणि बॅटरीवर १२.९ येतंय, अशी गाडी तुमच्यासमोर आली तर मधलं १.४ व्होल्ट कुठे हरवलं ते शोधायचं. त्यासाठी इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवणारा हीटर असेल तर तोही चालू. लोड असल्याशिवाय ही तपासणी निरर्थक आहे.

मीटरची लाल काडी अल्टरनेटरच्या बी प्लसवर, काळी काडी बॅटरीच्या प्लस खुंटावर. मीटर ०.३ च्या आत दाखवायला हवा. मग लाल काडी अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर, काळी बॅटरीच्या मायनसवर. जास्तीत जास्त ०.२. जिथे आकडा मोठा, तिथे अडथळा. मग एकेक जोड ओलांडत काडी पुढे नेत जा. आकडा ज्या जोडाला अचानक पडतो तो जोड उघडा, घासा, घट्ट करा.

इंजिन बदलल्यावर अर्थच्या बाजूला हमखास दोन गोष्टी सापडतात. इंजिन आणि चेसिसमधली विणलेली पट्टी परत लावलेली नसते, आणि ब्लॉक-ब्रॅकेटला नवा रंग मारलेला असतो. रंगावर बोल्ट कितीही आवळला तरी वीज नीट जात नाही. ब्रॅकेट जिथे टेकतं तिथला रंग पॉलिश पेपरने काढा, ब्लॉकवरून थेट बॅटरीच्या मायनसला एक जाड वायर द्या. पट्टी नसली की सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट क्लचची किंवा ॲक्सिलेटरची केबल शोधतो. केबल गरम लागली तर कारण तेच.

प्लसच्या बाजूला मधला मोठा फ्यूज बघा. बॅटरी उलटी जोडली गेली असेल तर तो आणि डायोड दोन्ही एका क्षणात जातात. बॅटरी मागे सीटखाली हलवली असेल तर वायरची जाडी तपासा. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये ३ मीटरला, ६० अँपिअरवर, अर्ध्या व्होल्टहून जास्त घट येते. १६ चौरस मिलिमीटरला तीच ०.२ च्या आसपास राहते. वायरच्या टोकाचं थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) पक्कडीने चेपलेलं नको, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबलेलं हवं.

पायरी ५: फिरतोय, पण पुरेसा नाही

सगळं जोडलंय, रस्त्यावर १४ व्होल्ट येतं, पण सिग्नलला उभं राहिलं की दिवा मिणमिणतो. इथे पुलीचा हिशेब करायचा. क्रँकची पुली १५० मिलिमीटर आणि अल्टरनेटरची ७५ असेल तर अल्टरनेटर इंजिनच्या दुप्पट फिरतो. ७५० च्या आयडलिंगला १५००. या वेगाला बहुतेक अल्टरनेटर जेमतेम काही देऊ लागतात. अल्टरनेटरची पुली ६० ची केली तर तोच १८७५ वर जातो आणि फरक डोळ्यांना दिसतो.

पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर डिझेलवर लावला की हीच अडचण येते. पेट्रोल इंजिन ६००० च्या वर जातं म्हणून त्याची पुली मोठी ठेवलेली असते. डिझेल ४००० च्या आसपास संपतं, त्यामुळे पुली लहान केली तरी अल्टरनेटर धोक्याच्या वेगात जात नाही. हे काम आपल्याकडे सोपं आहे. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात लेथवाल्यांची कमी नाही. फक्त खाचेचा कोन आणि रुंदी जुन्या पुलीवरून मोजून घ्या, शाफ्टचं भोक बरोबर बसू द्या.

लोडचाही हिशेब मांडा. ५५-६० वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे दहा अँपिअर, रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा पंधरा-वीस, ब्लोअर दहा-पंधरा, १०० वॅटचे दोन लाइटबार सोळा-सतरा. बेरीज पन्नास-साठवर गेली आणि अल्टरनेटर ४५ अँपिअरचा असेल, तर त्याला निर्दोष ठरवूनही मोठा घ्यावा लागेल.

पायरी ६: आता अल्टरनेटर उघडा

इथपर्यंत सगळं नीट निघालं तरच तो काढायचा. त्याआधी गाडीवरच एक तपासणी: मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू असताना बी प्लस आणि अर्थमध्ये मोजा. ०.१ च्या आसपास असेल तर ठीक, अर्धा व्होल्ट ओलांडला तर डायोड गेलाय. रात्रभर उभ्या गाडीत अल्टरनेटर हाताला कोमट लागतो, हीही फुटक्या डायोडची खूण.

डायोड का गेला, याचं इंजिन बदललेल्या गाडीतलं एक ठराविक कारण वेल्डिंग हे आहे. इंजिन माउंट चेसिसवर वेल्ड करताना बॅटरी आणि अल्टरनेटर जोडलेलेच राहतात. वेल्डिंगवाल्या भाऊंना काम सुरू करण्याआधीच सांगा: बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, अल्टरनेटरचे प्लग काढा, ईसीयू असेल तर त्याचाही. अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा.

उघडल्यावर ब्रश बघा, ५ मिलिमीटरच्या खाली उरले असतील तर बदला. दोन स्लिप रिंगमध्ये (रोटरच्या शाफ्टवरच्या, ब्रश ज्यांवर घासतात त्या कड्यांमध्ये) मीटर ओहमवर लावा, साधारण ३ ओहम यायला हवेत. अनंत दाखवलं तर रोटरची कॉइल तुटली. रिंग आणि शाफ्टमध्ये काहीही दाखवायला नको. ब्रश, रेग्युलेटर, बेअरिंग, डायोड प्लेट हे सुटे मिळतात. पूर्ण नवा घ्यायची वेळ बहुधा रोटर किंवा स्टेटर जळला तरच येते.

ईसीयूवर चालणारा अल्टरनेटर

अलीकडच्या गाडीचं इंजिन असेल तर त्याच्या अल्टरनेटरला ईसीयू व्होल्टेज सांगतो. ईसीयू जोडला नसेल तर तो कमी व्होल्टेजवर अडून राहतो किंवा चार्जच करत नाही. दिव्याची वायर देऊन त्याला फसवता येत नाही. त्याच ब्रॅकेटवर बसणारा, आत साधा रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर शोधणं हा सरळ मार्ग. उलट, सगळं मूळ वायरिंग ईसीयूसकट आणलं असेल, तर चालत्या गाडीत १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका. भरलेल्या बॅटरीला असे अल्टरनेटर मुद्दाम कमी देतात.

दुरुस्ती झाल्यावर

अंधार पडल्यावर गाडी काढा. हेडलाइट, ब्लोअर, वायपर, सगळं चालू करून त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन या. परत आल्यावर इंजिन चालू असतानाच बॅटरीवर मोजा, आयडलिंगला आणि २००० आरपीएमला, दोन्ही आकडे. १३.५ च्या खाली उतरलं नाही तर काम झालं. बी प्लसचा नट आणि अर्थचे बोल्ट गार झाल्यावर पुन्हा आवळा. नवा बेल्ट असेल तर दोनेकशे किलोमीटरनंतर एकदा ताणून घ्या. ते आकडे, टर्मिनलवर कोणत्या रंगाची वायर कुठे जाते त्याचा साधा आराखडा, आणि बेल्टचा नंबर एका कागदावर लिहा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. पुढच्या वेळी घोटीच्या टपरीवर बॉनेट उघडणारा माणूस कदाचित तुम्ही नसाल.